डावीकडचा आवाज

“नुसता बघू नको. कानात घालून आयक,” असं म्हणून चंदाने गळ्यातला ब्लूटूथ काढला आणि काचेच्या काउंटरवर आपटला.

कृष्णातने तो चिमटीत उचलला. काळा रबरी पट्टा, त्याच्या दोन टोकांना दोन बारीक वायरी आणि वायरींच्या शेवटी कानात बसणारी दोन बोंडं. पट्ट्यावर माशाचे दोन-तीन खवले वाळून चिकटले होते. कृष्णातने नाक मुरडलं नाही, पण ते न मुरडायला त्याला कष्ट पडले.

“वास येतोय का रं?”

“मी काय बोललो का मावशी?”

“तोंडानं नाय बोल्लास. नाकानं बोल्लास.”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं मोबाइलच्या कव्हरांच्या रांगेकडे वळली आणि तिथंच गुंतल्यासारखी उभी राहिली. घणसोली गावात, चार मजली घराच्या पायथ्याशी, एका शटरच्या रुंदीचं ते दुकान. तिघं आत आली की चौथ्याने रस्त्यात उभं राहायचं. चंदा मात्र कुठेही गेली तरी मधोमधच उभी राहायची. छप्पन्न वर्षांची, ठेंगणी, कमरेला खोचलेला पदर, आणि बर्फ फोडायच्या यंत्रावर मात करून गल्लीच्या टोकाला पोचेल असा आवाज.

“झालंय काय त्याला?”

“डाव्यात बारीक येतंय. उजव्यात झकास. नारली पुनवेला माजे सुनेनं तुज्याकडनं नेला. तू मुद्दाम वाकडा माल काडून दिलास.”

“कंपनीचा माल हाय ओ, मी घरात बनवत न्हाई. पाण्यात पडला व्हता का?”

“मी मासली इकतंय, पानबुडी नाय.”

कव्हरं बघणाऱ्यांपैकी एकजण फिसकन हसला. चंदाने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो बाहेर निघून गेला.

तिचा राग सकाळचा होता. सकाळी नऊला राजवर्धन बाजारात येऊन उभा राहिला. रबाळ्याच्या दोन कारखान्यांची जेवणं करणारा हा केटरर आदल्या संध्याकाळी मोबाइलवर बोलून निरोप पाठवायचा आणि सकाळी त्याचा टेम्पो माल उचलायचा. तीन वर्षं हेच चाललं होतं. चंदाला वाचता येत नव्हतं. आकडे तेवढे कळायचे. त्यामुळे तिची सगळी मोठी गिऱ्हाइकं निरोप बोलूनच पाठवत. ती ब्लूटूथचं डावं बोंड कानात घाले आणि उजवं गळ्यात लोंबतं ठेवी. उजवा कान बाजारासाठी मोकळा लागायचा. दर विचारणारी माणसं उजवीकडे, मोबाइल डावीकडे. दोन कानांची तिने अशी वाटणी केली होती आणि त्या वाटणीचा तिला अभिमान होता.

निरोप होता तीस हलवा माशांचा. चंदाने वीस काढून ठेवले.

“मावशी, साठ माणसांचं जेवण आहे माझं,” राजवर्धन सगळ्या बाजारासमोर म्हणाला. “कानात घालून ऐकता, तरी ऐकू येत नाही? महिन्याभरात ही तिसरी वेळ. उद्यापासून मी तुमच्या सुनेच्या नंबरवर लिहून पाठवतो. ती वाचते तरी.”

मागच्या ओट्यावरून चंदाची जाऊ सुमित्राबाई काहीतरी म्हणाली आणि तिच्या आजूबाजूच्या बायका हसल्या. काय म्हणाली ते चंदाला कळलं नाही. हसणं मात्र दिसलं.

जुनी गिऱ्हाइकं कोडीत सांगायची. एक कोडी म्हणजे वीस, दीड कोडी म्हणजे तीस. चूक व्हायला जागाच नाही. आताची माणसं वीस म्हणतात आणि तीस म्हणतात, आणि दोन्हींत फरक तो काय पहिल्या अक्षराचा. राजवर्धन गेल्यावर चंदाने तोच निरोप पुन्हा लावला. डाव्या कानात ‘ईस हलवे’ असं काहीतरी आलं. मग तिने उजवं बोंड उजव्या कानात घातलं. हळू, पण लख्ख आलं: तीस हलवे. म्हणजे दोष यंत्राचा. आणि यंत्र आणलं कोणी? सुनेनं. दुपारी बाजार उठला तशी ती तडक इथं आली होती.

कृष्णातने बोंडांवरच्या रबरी टोप्या काढल्या आणि डोळ्याला भिंग लावलं. आतल्या बारीक जाळीवर मिठाचा पांढरा थर होता, एका कोपऱ्यात मळ.

“हे बघा, जाळी भरलीया. आवाज बाहेर यायला वाटच न्हाई.”

“म्हंजे चूक माजीच?”

“चूक न्हाई ओ. घाण म्हणालो.”

“त्ये बरं बोल्लास.”

त्याने कोरड्या ब्रशने जाळी झाडली, कापसाच्या काडीला स्पिरिट लावून कडा पुसल्या आणि बोंडं उलटी धरून टिचकी मारली, आतली पूड खाली पडली. रबरी टोप्याही पुसून पुन्हा चढवल्या. मग ब्लूटूथ स्वतःच्या मोबाइलला जोडला आणि कानात घालण्याआधी बोंडं परत एकदा पुसली.

“आजून एकदा पूस,” चंदा म्हणाली. “गंगेत बुडव पायजे तं.”

त्याने दुर्लक्ष केलं, डोळे मिटून ऐकलं. गाण्याचा तुकडा डावीकडे, मग उजवीकडे, मग दोन्हीकडे.

“सारखं हाय मावशी. दोन्हीकडं एकदम सारखं.”

“खोटं.”

“तुमचा मोबाइल द्या बघू.”

तिने मोबाइल दिला. त्याने जोडला, कालचा निरोप लावला आणि दोन्ही हातांनी बोंडं उपटून काढली.

“आई आई आई! आवाज किती चढवलाय ओ? कान फुटल की माणसाचा!” त्याने आवाज कमी करून पुन्हा घातली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “आणि तुम्ही उलटं सांगताय. डावं मोठं यायलंय. उजवंच बारीक हाय.”

“डावं बारीक हाय.”

“मावशी, माज्या कानात हाय ते. मला कळतंय.”

“आनि माज्या कानात व्हतं तवा मना कलत नव्हतं? येडी हाय मी?”

“मी असं कुठं म्हणालो? हे बघा, ह्याच्यावर एल लिवलंय. एल म्हणजे डावं. डाव्या कानात घातलंय. त्यातनं मोठं यायलंय.”

“तुजा एल तुज्याकडंच ठेव. भामटा हायस तू, त्या राजवर्धननंतर आजचा दुसरा. माल बदलून द्याला लागंल म्हनून शेंड्या लावतंस.”

कृष्णातचेही कान आता तापले. सांगलीकडचं गाव सोडून त्याला इथं येऊन अकरा वर्षं झाली होती, आणि गाववाल्यांशी भांडायचं नाही हा धडा त्याने पहिल्याच वर्षी गिरवला होता. पण यंत्र खोटं बोलत नाही आणि आपणही बोलत नाही, एवढी एकच गोष्ट त्याच्या धंद्यात त्याची स्वतःची होती.

“थांबा. माज्या मोबाइलवर सारखं, तुमच्यावर कमी-जास्त. म्हणजे ब्लूटूथ चांगला हाय. भानगड तुमच्या मोबाइलात हाय.”

तो सेटिंगमध्ये शिरला. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. चंदा काउंटरवर कोपरं रोवून पाहत राहिली. शेवटी पडद्यावर एक आडवी रेघ आली. रेघेच्या एका टोकाला डावा, दुसऱ्याला उजवा, आणि तिच्यावर एक ठिपका. ठिपका मध्यावर असायला हवा होता. तो डावीकडे सरकलेला होता, चांगला अर्ध्याच्या पुढे.

“घावलं!” कृष्णात म्हणाला. “हे बघा. कोणीतरी हात लावलाय ह्याला. आपोआप सरकत न्हाई हे. चार पायऱ्या उतरून आत जायला लागतं.”

चंदाला ठिपका दिसला, आणि चार पायऱ्या उतरून आत जाणारं माणूसही दिसलं. तिच्या मोबाइलला घरात एकच हात लागायचा. हरेश, तिचा मुलगा, सकाळी सातला कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टात जायचा तो रात्रीच यायचा; त्याला स्वतःच्या मोबाइलची शुद्ध नसायची. ‘आई, द्या, चार्जिंगला लावते,’ असं म्हणून मोबाइल उचलणारी एकच.

“भाविका,” ती म्हणाली. “अवदसा. मना ठावंच व्हतं. बाजारात पन माजे उजवीकडंच येऊन बसतंय. किती येला सांगितलं, मागं बस, बरफ बघ. नाय. गिऱ्हाईक पयला तिच्या तोंडाम्होरं आला पायजे. आनि आता ह्यो उद्योग! मना आयकाला येऊ नये, चुका व्हव्यात, सगली गिऱ्हाइकं तिचे नंबरवर जावीत. घातलं राजवर्धनला खिशात. बग आता, घरी जाऊन तिची...”

“मावशी.”

“मधी बोलू नको.”

“न्हाई, पण हिशेब जुळत न्हाई.” कृष्णात ठिपक्याकडे टक लावून बघत होता. “तुमचं बिघडवायचं असतं तर उलटं केलं असतं. तुम्ही डाव्या कानानं ऐकता ना? मग डावं दाबलं असतं. हिनं उजवं दाबलंय. आणि आवाज पार वरपर्यंत चढवलाय. म्हणजे डाव्यात जेवढं जाईल तेवढं जावं, आणि कधी उजव्यात घातलंच तर उजवा कान फुटू नये.” तो थांबला. “हे बिघडवायला केलेलं न्हाई.”

“मंग कशाला?”

त्याने मोबाइल तिच्याकडे फिरवला. ठिपका बोटाने ओढून बरोबर मध्यावर आणला, आवाज बेताचा ठेवला आणि पट्टा तिच्या हातात दिला.

“आता घाला. दोन्हीकडं.”

तिने घातला. त्याने निरोप लावला. उजव्या कानात राजवर्धन अगदी शेजारी उभा राहून बोलल्यासारखा बोलला. डाव्या कानात, दूर कुठेतरी भिंतीपलीकडे, कोणीतरी पुटपुटलं.

“डावं मेलं,” ती म्हणाली. “व्हतं त्ये पन घालवलंस!”

“आता उलटा घाला. पट्टा फिरवा. उजवं बोंड डाव्या कानात.”

“डाव्या पायात उजवी चप्पल घालू?”

“घाला मावशी. एकदाच.”

तो ‘एकदाच’ असा काही म्हणाला की तिच्या तोंडाचा पट्टा थांबला. तिने ब्लूटूथ फिरवला. जे बोंड आत्ता लख्ख बोलत होतं ते डाव्या कानात बसवलं, दाबून बसवलं. मेलेलं बोंड उजव्या कानात घातलं. कृष्णातने पडद्यावर बोट ठेवलं.

मेलेल्या बोंडातून राजवर्धन लख्ख म्हणाला, तीस हलवे, साफ करून, पोट फाडून. आणि चांगलं बोंड पुटपुटलं.

चंदाने ते काढून जाळीकडे पाहिलं, पदराने पुसलं आणि पुन्हा घातलं. पुन्हा निरोप. मग तिने बोटाने कान कोरला आणि आणखी एकदा घातलं. कृष्णात न सांगता तोच निरोप पुन्हा पुन्हा लावत राहिला. चौथ्या वेळी तिने पट्टा काढून काउंटरवर ठेवला. आपटला नाही.

“मळ असंल ओ,” कृष्णात म्हणाला. “मळानंबी व्हतं. वाशीला कानाचा डॉक्टर हाय एक...”

“तोंड असं करू नको. मी मेली नाय आजून.”

“न्हाई, मी म्हणालो...” त्याला गप्प बसवेना. “तुमच्या डाव्या अंगाला काय असतं, बाजारात?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. सांगायची गरज नव्हती. सकाळी सहापासून ते बर्फ फोडायचं यंत्र सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. बर्फाच्या लाद्या वरून टाकायच्या आणि खालून चुरा घ्यायचा. ते दहा वर्षांपूर्वी आलं आणि कोपऱ्यावरच्या ओट्याला खेटून बसवलं गेलं, कारण विजेची तार तिथवरच येत होती. तेव्हा सगळ्या बायकांनी कुरकुर केली. चंदाने केली नाही. बर्फ हाताशी आला म्हणून तिला आनंदच झाला.

कृष्णातने मोबाइल उचलला. पडद्यावर अजून ती रेघ होती, ठिपका मध्यावर.

“हे व्हतं तसं ठेवू का परत?”

तिने मागं वळून पाहिलं. कव्हरं बघणारा दुसरा माणूसही केव्हाच निघून गेला होता.

“ठेव,” ती म्हणाली. मग पट्टा गळ्यात घालून पायरी उतरता उतरता वळली. “आनि कोनाला बोल्लास तं याद राख. शटर वर व्हनार नाय तुजं.”

घरी न जाता ती बाजाराकडेच वळली. बाजार पाचला बसायचा. अजून तास होता. रिकाम्या ओट्यांवरून पाणी मारलेलं होतं आणि मांजरं उन्हात पसरली होती. ती आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली.

हा कोपरा तिने लढून घेतला होता. सासूची जागा, दोन सुना, चंदा आणि सुमित्रा. सासू गेल्यावर कोण कुठं बसायचं यावरून दोघींनी सहा महिने एकमेकींच्या पाट्या रस्त्यात फेकल्या. रिक्षातून उतरणारं गिऱ्हाईक पहिलं कोपऱ्यावर येतं. शेवटी पंचांनी कोपरा चंदाला दिला, कारण तिचा आवाज मोठा होता. सुमित्रा मागं गेली आणि मागं राहिली. त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली, आणि अजून तिने चंदाच्या घरचं पाणी तोंडाला लावलेलं नव्हतं.

बाजारात प्रत्येकीला एक नाव होतं, आणि ते कोणी मागून घेतलेलं नव्हतं. काशीचे हात थरथरायला लागले आणि तुकडे वेडेवाकडे पडायला लागले, तेव्हा ‘हलती काशी’ हे नाव चंदानेच ठेवलं होतं. गल्लीभर हाक मारून ठेवलं होतं. गिऱ्हाइकंसुद्धा पोटभर हसली. काशीही हसली. पुढच्या शिमग्यापर्यंत काशी बाजारात यायची बंद झाली. आता ती घरात बसून नातवंडांचे डबे भरते आणि रस्त्यात भेटली की हात पदराखाली घेते.

बहिरी चंदा. नुसतं मनात म्हटलं तरी ते नाव इतकं चपखल बसत होतं की चंदालाच त्याचं कौतुक वाटलं. सुमित्राला तर ते शोधावंही लागणार नव्हतं.

साडेचारला भाविका आली. डोक्यावर पाटी, हातात मासे कापायची मोरळी. खाली बसली ती सवयीने उजवीकडेच.

“माजा मोबाइल तू उचकटलास,” चंदा म्हणाली.

भाविकाचा हात पाटीवरचं फडकं सोडता सोडता थांबला. “कोण म्हणालं?”

“कोन म्हनालं त्ये इचारू नको. कवा केलंस?”

“गणपतीत.”

“आनि ठावं कवा झालं?”

“त्याच्या आधी. तुम्ही झोपताना उजवी कूस करायच्या. मग दारावर कितीबी ठोका, तुम्ही उठत नव्हता. डाव्या कुशीवर असलात की पहिल्या हाकेला उठायच्या.”

“आनि त्ये सगल्या गावाला सांगत फिरलीस.”

“कोणालाच नाही सांगितलं. तुमच्या मुलालापण नाही.”

“मना का नाय बोल्लीस?”

“बोलले असते तर ऐकलं असतंत?”

चंदाने पाटीवरचं फडकं स्वतःच ओढून काढलं. भाविकाने पापलेटं ओळीने मांडायला घेतली, मोठी पुढं, लहान मागं. तिचा आवाज चढला नव्हता, पण गोडही नव्हता.

“आणि दया केली असं समजू नका. तुम्ही मला आल्या दिवसापासून एक शब्द धड बोलला नाहीत. माझ्या आईला मांडवात काय म्हणालात ते मी विसरले नाही. पण ह्या पाटीवर माझंपण घर चालतं. इथं उजवीकडे बसते ते मी बोललेलं तुम्हाला ऐकू यावं म्हणून. मला काय हौस नाही तुमच्या मांडीला मांडी लावून बसायची.”

“राजवर्धन तुला लिवनार हाय उद्यापासून.”

“लिहिलं त्यानं. दुपारीच. मी कळवलं, आईंच्या नंबरवरच पाठवा. आणि आकडा दोनदा बोला म्हणून सांगितलं.”

बाजार भरला. यंत्र सुरू झालं. आजवर चंदाला त्याचा त्रास कधी जाणवला नव्हता. आता तिला कळलं की तिला ते डावीकडून ऐकूच येत नाही. फक्त ओट्याचा दगड मांडीखाली थरथरतो, आणि तो थरथराट ती आजवर आवाज समजत होती.

दोन-तीन गिऱ्हाइकं उजवीकडून आली आणि गेली. मग भाविकाचा चेहरा एकदम ताठ झाला. चंदाने वळून पाहिलं. मागच्या ओट्यावर सुमित्राबाई हातातल्या कोळंबीकडे बघत होती, तोंड नुकतंच मिटलेलं.

“काय बोल्ली ती?”

“काही नाही.”

“सांग.”

“विचारत होत्या, ब्लूटूथ झाला का दुरुस्त. सांगलीवाल्याच्या दुकानात बराच वेळ दिसलात म्हणे.” भाविका खालच्या आवाजात म्हणाली, “झाला म्हणून सांगते मी. नवीन जाळी बसवली म्हणते.”

भाविकाने मान वळवून सांगितलं. काय सांगितलं ते चंदाला ऐकू आलं नाही, पण सुमित्राबाईने मान डोलावलेली दिसली. इतकं सोपं होतं. रोज एक अशी जाळी बसवायची. आज ही, उद्या हरेशला एक, परवा राजवर्धनला एक, आणि प्रत्येक जाळी ह्या पोरीच्या हातून.

तेवढ्यात रिक्षातून उतरून एक माणूस कोपऱ्यावर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, टॉवरमधला असावा. तो डावीकडे, यंत्राच्या अंगाला उभा राहिला. त्याचे ओठ हलले. चंदा पापलेटांवर पाणी शिंपडत राहिली. त्याचे ओठ पुन्हा हलले. मग त्याने वैतागून मागच्या ओट्याकडे नजर टाकली, आणि सुमित्राबाईने हातातली कोळंबी खाली ठेवली.

भाविका बोलायला पुढं झाली. चंदाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं.

“दादा,” ती त्या माणसाला म्हणाली, दर सांगावा तशी, “ह्या कानानं मना आयकाला येत नाय. हिकडनं येऊन बोल.”

यंत्राच्या वर जाईल असाच तिचा आवाज रोज असायचा. आजही तसाच होता. शेजारच्या ओट्यावरची मोरळी थांबली. पलीकडच्या बाईने पिशवीत हात घातला होता तो तसाच राहिला. भाविका तोंड उघडं ठेवून सासूकडे बघत राहिली.

माणूस ओशाळला आणि वळसा घालून उजवीकडे आला. त्याला जागा द्यायला भाविका उठली आणि डावीकडे, यंत्राला टेकून असलेल्या मोकळ्या जागेत बसायला गेली. चंदाने तिचा पदर धरला.

“तिकडं नको.”

“मग कुठं बसू?”

“बसू नको. उभी र्‍हा माजे मागं.” आणि मग, तिच्याकडे न बघता, “अवदसा.”

तिने थर्माकोलची रिकामी पेटी ओढली आणि त्या मोकळ्या जागेवर उभी करून ठेवली, कोणी बसू नये अशी.

“पापलेट कसं दिलं मावशी?” माणसाने विचारलं. लख्ख ऐकू आलं.

तिने दर सांगितला. त्याने घासाघीस केली. तिने त्याच्या खानदानाला दोन शब्द ऐकवले आणि मग थोडं उतरली. दोन पापलेटं उचलून तिने मोरळीवर पाय ठेवला.

मागं, डाव्या अंगाला, सुमित्राबाईचं तोंड हलताना तिला डोळ्याच्या कडेने दिसलं. दोन-तीन बायका हसल्या. किंवा हसल्या नसतील, नुसत्या बोलल्या असतील. नाव पडलं असेल तर ते आत्ताच पडलं असेल. भाविकाने मागून तिच्या खांद्यावर बोट टेकवलं, काहीतरी सांगण्यासाठी. चंदाने खांदा हलवून ते झटकलं.

“मुंडी ठेवू का काडू?” तिने माणसाला विचारलं आणि उत्तरासाठी उजवा कान पुढं केला.